मोटारीची किल्ली : काल आणि आज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



साहित्य, संगीत आणि इतिहास ह्या विषयांवरील विद्वानांची भाषणे झाल्यानंतर, मोटारींच्या विद्युतयंत्रणेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ह्या व्यासपीठावर उभे करण्यात कार्यकारी मंडळाने बरेच धाडस दाखवले आहे. मोटार सुरू कशी करावी आणि सुरक्षित कशी ठेवावी, हा विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु राहते घर सोडले तर आपल्यापैकी बहुतेकांच्या संसारातली सर्वांत महाग वस्तू मोटारच असते, आणि ती रात्रभर घराबाहेर उभी असते. आपण तर घरापासून दूर राहणारी माणसे. दिवाळीला किंवा मे महिन्यात गावी गेलो की इथे कलकत्त्यात ही गाडी तीन-तीन आठवडे एकटी राहते. तिचे राखण करणारी किल्ली गेल्या पंचवीस वर्षांत मुळापासून बदलली. आपल्या सवयी मात्र अजून जुन्या किल्लीच्याच आहेत.

आज मला एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. मोटार सुरू करणे जसजसे सोपे होत गेले, तसतसा माणसाचा एकेक कष्ट नाहीसा झाला. पण त्यांपैकी बहुतेक कष्टांच्या आड एकेक राखणदार उभा होता. कष्टाबरोबर तोही निघून गेला. त्या राखणदाराची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहिला आहे. त्याचाच थोडा मागोवा घेऊ.

हँडलचे दिवस

कार्ल बेन्झ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट १८८६ साली घेतले. ती गाडी सुरू करायची म्हणजे मागे असलेले आडवे, जड चाक हातांनी गरगर फिरवावे लागे. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेन्झ ह्या दोन मुलांना बरोबर घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला, म्हणजे आपल्या माहेरगावी, ह्या गाडीतून गेल्या. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास एका सासुरवाशिणीने माहेरी जाण्यासाठी केला, ही गोष्ट ह्या सभेतील भगिनींना आवडेल.

पुढे चाकाऐवजी हँडल आले. गाडीच्या पुढच्या बाजूच्या भोकात लोखंडी दांडा घालून झटका द्यायचा. उत्तरपाड्याच्या जुन्या अँबॅसडरबरोबरही असे हँडल मिळत असे. थंडीच्या सकाळी बॅटरीने मान टाकली की तेच उपयोगी पडे. हँडल मारणे हे शक्तीइतकेच युक्तीचे काम होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलट झटका देई आणि मनगट मोडे. म्हणून जुने ड्रायव्हर शिकवीत, की हँडल धरताना अंगठा वेटोळ्यासारखा पलीकडे घ्यायचा नाही, चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. म्हणजे दांडा उलटला तरी हातातून सुटून जातो. आता विचार करा. ज्या गाडीपुढे उभे राहून, घाम गाळून, आवाज करून ती सुरू करावी लागते, ती गाडी मध्यरात्री गुपचूप पळवणे किती कठीण असेल! तो कष्ट हाच पहिला राखणदार होता.

सेल्फ आणि किल्ली

हा कष्ट संपवला चार्ल्स केटरिंग ह्या अमेरिकन अभियंत्याने. ते पूर्वी दुकानांतील पैसे मोजण्याच्या गल्लायंत्रांच्या कारखान्यात होते आणि तिथे त्यांनी विजेच्या छोट्या मोटारीचा प्रयोग केला होता. छोटी मोटार सतत चालवली तर जळून जाईल, पण क्षणभरच चालवायची असेल तर तिच्याकडून पुष्कळ जोर काढून घेता येतो, हे मर्म त्यांना सापडले होते. तेच त्यांनी मोटारगाडीला लावले. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर विजेचा स्टार्टर आला. आपण त्याला ‘सेल्फ’ म्हणतो. एका बटणासरशी गाडी सुरू होऊ लागली. मनगटे वाचली, स्त्रियांना आणि वृद्धांना मोटार चालवणे सुकर झाले. पण आता गाडी सुरू करायला चोरालाही एक बोट पुरेसे झाले.

म्हणून किल्लीचे महत्त्व वाढले. जुन्या गाड्यांत किल्ली फिरवल्यावर केवळ विजेचा प्रवाह सुरू होई. सेल्फसाठी वेगळे बटण दाबावे किंवा खेचावे लागे. किल्ली फिरवली की सेल्फही लागावा, ही सोय अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांवर १९४९ च्या सुमारास आली आणि पुढे सर्वत्र रूढ झाली. तेव्हापासून किल्ली म्हणजेच गाडीची मालकी, असे समीकरण आपल्या मनात बसले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाला देण्यात आली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्या ग्राहकाच्या हाती दिली ती किल्लीच.

तथापि ही किल्ली कितपत विश्वासाची होती? तिचे दाते ठरावीक प्रकारचेच असत. झिजलेल्या कुलपाला दुसऱ्याच गाडीची झिजलेली किल्ली लागली, हा अनुभव इथल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांना आला असेल. शिवाय किल्लीच्या मागच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, की किल्लीवाचूनही काम होई. म्हणून शहाणे मालक आणखी एक उपाय करीत. उत्तरपाड्याची अँबॅसडर असो, की सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट असो, गाडी बाहेर ठेवताना डिस्ट्रिब्यूटरचे झाकण उघडून आतला रोटर ते खिशात घालून नेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शत्रूचे सैनिक उतरले तर गाड्या त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये उभी गाडी निकामी करून ठेवण्याची सक्ती झाली होती; तेव्हाही हाच रोटर काढून नेण्याचा मार्ग सर्रास वापरला गेला. कोणी बैठकीखाली चोरखिशासारखा गुप्त खटका बसवून घेई. १९७० च्या सुमारास किल्ली काढताच सुकाणूचक्र अडकवणारे कुलूपही पुष्कळ देशांत रूढ झाले. हे सारे उपाय यांत्रिक होते. चोराला ते मोडावे लागत, आणि मोडण्याला वेळ व आवाज हे दोन्ही लागतात.

किल्लीच्या डोक्यातील चिप

त्यानंतरची पायरी म्हणजे किल्लीला बोलते करणे. १९८६ सालच्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विजेला विशिष्ट अवरोध करणारा एक छोटा तुकडा बसवला होता. त्याची पंधरा निरनिराळी मूल्ये होती. दात जुळले तरी अवरोध जुळला नाही तर गाडी सुरू होत नसे. ही सुरुवात होती. नव्वदीच्या दशकात किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात अतिसूक्ष्म चिप आली. हिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवती तारेचे एक कडे असते. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच चिपला क्षणभराची ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली नाही तर इंजिनाचा संगणक इंधन किंवा ठिणगी सोडतच नाही. ह्या यंत्रणेला इम्मोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला.

ही ओळख पटवण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी रोज एकच परवलीचा शब्द विचारू लागला, तर आडोशाला लपलेला हेर तो ऐकून उद्या आत शिरेल. म्हणून चांगल्या यंत्रणेत गाडी दर वेळी नवा प्रश्न विचारते आणि किल्ली, दोघींनाच ठाऊक असलेल्या गुप्त संख्येच्या आधारे, त्याचे नवे उत्तर काढते. कालचे उत्तर आज निरुपयोगी ठरते.

ह्या अदृश्य राखणदाराची किंमत अमेरिकेला अलीकडेच कळली. २०११ ते २०२१ ह्या काळात तिथे विकल्या गेलेल्या किया आणि ह्युंदाई कंपन्यांच्या धातूच्या किल्लीच्या पुष्कळ गाड्यांत इम्मोबिलायझर नव्हता. सुकाणूखालचे झाकण काढून, मोबाइलच्या वायरीच्या टोकाने कुलूप फिरवून त्या नेता येतात, हे दाखवणाऱ्या चित्रफिती २०२२ मध्ये पोरासोरांत पसरल्या आणि अनेक शहरांत चोऱ्यांचे पेव फुटले. २०२३ मध्ये कंपन्यांना फुकट दुरुस्ती देऊ करावी लागली. तात्पर्य, ‘धातूची किल्ली तेवढी सुरक्षित आणि बटणाची गाडी धोक्याची’ असे सरसकट समजणे बरोबर नाही. पाहायचे ते एवढेच, की गाडी किल्लीची ओळख विचारते की नाही.

खिशातली किल्ली

आता आपण आजच्या मुख्य विषयाकडे येतो. दुरूनच बटण दाबून दार उघडण्याची सोय फ्रान्सच्या रेनो कंपनीने १९८२ साली आपल्या फ्युएगो गाडीवर आणली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीवर त्यापुढचे पाऊल पडले: किल्ली खिशातून काढायचीच नाही. मुठीला हात लावला की दार उघडते. ब्रेक किंवा क्लच दाबून बटण दाबले की इंजिन सुरू होते. ही चैन आता आपल्याकडील मध्यमवर्गीय गाड्यांतही सर्रास आढळते.

ही किल्ली काम कसे करते? आपण मुठीला हात लावला की गाडी अगदी कमी पल्ल्याची एक हाक देते. तिची लहर सुमारे १२५ किलोहर्ट्झची असते आणि ती मीटर-दोन मीटरपलीकडे ऐकू जात नाही. खिशातली किल्ली ती ऐकून जागी होते आणि वेगळ्या, उच्च लहरीवर उत्तर देते. हे उत्तर मात्र पुष्कळ दूरवर पोहोचू शकते. गाडी असा तर्क करते, की ज्या अर्थी माझी हळू हाक किल्लीने ऐकली, त्या अर्थी ती माझ्याजवळच आहे. ज्या अर्थी किल्ली जवळ आहे, त्या अर्थी मालकही जवळ आहे.

चोराने नेमके हे दोन ‘ज्या अर्थी’ हेरले. तो कुलूप फोडत नाही, गुप्त संख्याही शोधत नाही. तो फक्त अंतर फसवतो. एक साथीदार गाडीपाशी उभा राहतो, दुसरा आपल्या घराच्या दाराशी. गाडीची हाक पहिल्याच्या यंत्राने उचलायची, दुसऱ्याच्या यंत्राकडे पाठवायची आणि ती दाराआडच्या टेबलावर पडलेल्या किल्लीला ऐकवायची. बिचारी किल्ली इमानाने खरे उत्तर देते. दार उघडते, इंजिन सुरू होते. काच फुटत नाही, भोंगा वाजत नाही. झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग करून २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहाच्या दहा गाड्या फसल्या. जर्मनीच्या एडीएसी ह्या वाहनधारकांच्या संस्थेने पुढे शेकडो मॉडेले तपासली, त्यांतही बहुसंख्य गाड्या ह्या युक्तीला बळी पडल्या.

ह्यावर उपाय नाही असे नव्हे. कित्येक नव्या किल्ल्यांत हालचाल ओळखणारा एक घटक असतो. किल्ली काही मिनिटे निश्चल पडून राहिली की ती झोपी जाते आणि हाकेला उत्तर देत नाही. त्याहून पक्का उपाय म्हणजे अंतर प्रत्यक्ष मोजणे. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागात, सुमारे तीस सेंटिमीटर जाते. प्रश्न गेल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ तितक्या बारकाईने मोजला, तर किल्ली मुठीपाशी आहे की माडीवर, हे गाडीला कळते. मध्ये दलाल बसला तर तो वेळ वाढवू शकेल, कमी करू शकणार नाही. अतिरुंद पट्ट्याच्या लहरींवर चालणारी ही पद्धत २०१८ पासून काही महाग गाड्यांत येऊ लागली. नवी गाडी घेताना रंग आणि गाद्या यांच्याबरोबर विक्रेत्याला हेही विचारा: ‘किल्ली झोपते का? अंतर मोजते का?’ उत्तर आले नाही, तरी प्रश्नाची नोंद होते.

हिरकणीचा कडा

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपल्या घराघरांत सांगितली जाते. सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले. तान्ह्या बाळाच्या ओढीने ती माउली, जिथून कोणी उतरू शकणार नाही असे सर्वांनी धरले होते, त्या कड्यावरून उतरली. आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधवला. तिथे मातेची माया होती आणि इथे चोराचा लोभ आहे, तेव्हा तुलना त्या दोघांची नाही. किल्लेदाराने घ्यायचा धडा मात्र एकच आहे: पहारा दरवाजावर असतो, आणि वाट कड्यावरून सापडते.

आजच्या मोटारीत दिवे, दारे, इंजिन आणि ब्रेक यांचे लहान-लहान संगणक सामाईक तारमार्गांवरून एकमेकांशी बोलतात. २०२२ साली लंडनमध्ये एका मोटार-सुरक्षा संशोधकाचीच टोयोटा आरएव्ही-४ गाडी चोरीस गेली. शोध घेता आढळले, की चोरांनी पुढच्या चाकाजवळचे आच्छादन ओढून दिव्याची तार गाठली होती. अशा तारेला एक छोटे यंत्र जोडून ‘किल्लीची ओळख पटली आहे’ असा खोटा निरोप गाडीच्या अंतर्भागात सोडता येतो. किल्लीला विचारण्याचे कारणच उरत नाही. दुसरी वाट सुकाणूखालच्या त्या खाचेची, जिथे कारागीर आपला तपासणी-संगणक जोडतो. काच फोडून आत शिरलेला चोर तिथून कोरी किल्ली गाडीला ‘आपली’ म्हणून शिकवू शकतो. किल्ल्या शिकवण्याची अशी यंत्रे बाळगणाऱ्या टोळ्या दिल्ली पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्याच असतील.

अशा कड्यांवर बुरूज बांधणे हे कारखानदारांचे काम आहे, आणि ते अंतर्गत निरोपही गुप्त लिपीत पाठवून ते करू लागले आहेत. तोवर आपल्या हाती आहे तो जुनाच राखणदार. सुकाणूला लावायचा लोखंडी दांडा, तपासणीच्या खाचेवरचे कुलूप, जाणत्या कारागिराकडून बसवलेला गुप्त खटका, हे उपाय आता कालबाह्य झाले असे समजू नका. इलेक्ट्रॉनिक चोर वेळ आणि आवाज टाळण्यासाठीच ही विद्या शिकला आहे. त्याला पुन्हा वेळ आणि आवाज खर्च करायला लावणे, हेच ह्या दांड्याचे काम.

विसरभोळेपणाचा धोका

सुरक्षितता म्हणजे केवळ चोरापासून संरक्षण नव्हे. जुनी किल्ली फिरवून काढल्याखेरीज घरात जाता येत नसे. ‘इंजिन बंद झाले’ ह्याची ती हातातली पावती होती. आता किल्ली खिशातच असते आणि इंजिन इतके मंद चालते की कळत नाही. अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजात बटणाची गाडी चालू राहिली, कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू घरात शिरला आणि झोपेतच माणसे गेली. अशा मृत्यूंची संख्या २००६ पासून दोन डझनांहून अधिक झाल्याचे २०१८ साली तिथल्या वृत्तपत्राने दाखवून दिले. आपल्याकडे तळघरातील बंदिस्त वाहनतळ वाढत आहेत. म्हणून गाडीतून उतरण्यापूर्वी समोरचे सारे दिवे विझले का, हे पाहण्याची सवय घरातल्या प्रत्येकाने लावून घ्यावी.

दुसरा प्रसंग आपल्यासारख्यांच्या घरी हमखास घडणारा. यजमान गावी निघाले. गाडी हावडा स्थानकापर्यंत त्यांनी चालवली आणि किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. ते उतरून गेले, सौभाग्यवती चालकाच्या जागी बसल्या. इंजिन चालूच असल्यामुळे गाडी निघाली. ‘किल्ली नाही’ अशी सूचना समोर झळकली, पण गर्दीत तिकडे लक्ष कोणाचे जाणार? वाटेत भाजीसाठी गाडी थांबवली, इंजिन बंद केले, आणि मग ते काही केल्या सुरू होईना. किल्ली तोवर गीतांजली एक्सप्रेसने खरगपूरच्या वाटेला लागलेली! इंजिन चालू असताना किल्ली दूर गेली तर गाडी सहसा स्वतःहून थांबत नाही, कारण भर रस्त्यात असे थांबणे अधिक धोक्याचे. पण एकदा बंद केलेली गाडी किल्लीवाचून पुन्हा सुरू होत नाही. तेव्हा चालक बदलताना किल्ली हातोहात द्यावी.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एका लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या जाजमात अडकला आणि गाडी भरधाव सुटली. चार जीव गेले. गाडी बटणाची होती, आणि चालत्या गाडीचे इंजिन बंद करायला ते बटण तीन सेकंद दाबून धरावे लागे. एरवी क्षणभर दाबण्याची सवय असलेल्या माणसाला आणीबाणीत हे कसे सुचावे? म्हणून गाडीबरोबर मिळालेले पुस्तक आज घरी जाऊन उघडा आणि आपल्या गाडीचे बटण अशा वेळी किती सेकंद दाबायचे, की पुनःपुन्हा दाबायचे, हे वाचून ठेवा. आधी गियर न्यूट्रलमध्ये टाकायचा आणि ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरायचा, हे तर सर्वांनी पाठच करावे. इंजिन बंद झाल्यावर सुकाणू जड होते, तेव्हा ते दोन्ही हातांनी धरावे.

घरातील शिस्त

आता काही व्यावहारिक सूचना थोडक्यात करतो.

किल्ली दाराजवळच्या खुंटीवर किंवा खिडकीतल्या टेबलावर ठेवू नका. शक्य तितकी आतल्या खोलीत ठेवा. लहरी अडवणाऱ्या पिशव्या बाजारात मिळतात. घट्ट झाकणाचा पोलादी डबाही पुष्कळदा चालतो. पण डब्यावर विश्वास टाकण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्या. किल्ली आत घालून, झाकण लावून, तो डबा हाती धरून गाडीच्या दाराशी जा आणि मूठ ओढा. दार उघडले तर तो डबा लाडवांसाठी परत द्यावा. पुष्कळ गाड्यांत आपोआप दार उघडण्याची सोय बंदही करता येते. कंपनीच्या कारागिराला विचारा.

दार बंद केल्यावर मूठ एकदा ओढून पाहा. बटणाचा संदेश गाडीपर्यंत पोहोचूच नये म्हणून जवळपास उभा राहून लहरींचा गोंधळ करणारे चोरही असतात.

किल्लीतली नाण्याएवढी बॅटरी केव्हातरी संपणारच. बहुतेक किल्ल्यांच्या पोटात धातूचे पाते लपवलेले असते. त्याने दार उघडते. मग ती निर्जीव किल्ली सुरू करण्याच्या बटणाला टेकवून किंवा नेमून दिलेल्या जागी ठेवून बटण दाबले, की जुन्या चिपच्या पद्धतीने ओळख पटते आणि गाडी सुरू होते. ही जागा कोठे आहे, हे घाटात रात्री अकराला शोधण्यापेक्षा आज अंगणात पाहून ठेवणे बरे.

गावी जाताना किल्ली गाडीपासून दूर ठेवा. काही गाड्या जवळच्या किल्लीशी अधूनमधून बोलत राहतात आणि दोघींच्या बॅटऱ्या उतरतात. दुसरी किल्ली गाडीतच दडवून ठेवण्याचा मोह टाळा. ती ज्या शेजाऱ्यांकडे ठेवाल, त्यांना तिचे पथ्य सांगा. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपनी पोलिसांतील फिर्यादीबरोबर सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली कधीच हरवलेली असेल तर दाव्याच्या वेळी अवघड प्रश्नांना तोंड द्यावे लागते. म्हणून किल्ली हरवताच तिची नोंद गाडीच्या स्मृतीतून पुसून घ्या आणि त्याचे कागद जपून ठेवा. जुनी गाडी विकत घेतानाही दोन्ही किल्ल्या मागा आणि गाडीला एकूण किती किल्ल्या ठाऊक आहेत, हे तपासून घ्या.

पुढे काय?

विजेवरच्या गाडीत तर ‘सुरू करणे’ हा शब्दही नावापुरता उरला आहे. तिथे सेल्फ नाही आणि इंजिनाची घरघरही नाही. किल्लीऐवजी पत्त्यासारखे कार्ड किंवा हातातला मोबाइल चालतो. पण मूळ प्रश्न तोच राहिला आहे. २०२२ साली संशोधकांनी टेस्लाच्या गाडीला मोबाइलच्या अशाच दूरवर पोहोचवलेल्या संदेशाने फसवून दाखवले. त्या कंपनीने २०१८ पासून एक सोय दिली आहे: किल्लीची ओळख पटली तरी चार आकडी संख्या टिपल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे फिरून एक छोटासा कष्ट! तो स्वतःहून पत्करावा, असे मी म्हणेन. मोबाइल हीच किल्ली झाल्यावर त्याला कुलूप नसणे म्हणजे दारात किल्ली लोंबकळत ठेवणे. आणि गाडी विकताना तिच्यावरचे आपले खाते पुसणे, हे किल्ली सोपवण्याइतकेच आवश्यक आहे.

बंधुभगिनींनो, उत्तरपाड्याचा अँबॅसडरचा कारखाना २०१४ साली थांबला. आपल्या शहराच्या पिवळ्या टॅक्सीही एकेक करून रस्त्यावरून निघून जात आहेत. ते हँडल, ते खेचायचे बटण, खिशातला तो रोटर परत येणार नाहीत, आणि यावेत अशी माझी इच्छाही नाही. ज्याने पहाटेच्या थंडीत हँडल मारले आहे, तो बटणाला नावे ठेवणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की यंत्राने आपला कष्ट घेतला तेव्हा आपली सावधगिरी त्याला देऊन टाकायची नव्हती. पूर्वी राखण करायला मनगट लागे. आता थोडी माहिती आणि थोडी शिस्त लागते. ती घरातल्या एकट्या गृहस्थाला असून भागणार नाही. गाडी चालवणाऱ्या सुनेला, नुकताच परवाना मिळालेल्या नातवाला आणि सुट्टीत किल्ली सांभाळणाऱ्या शेजाऱ्यालाही ती हवी.

 भाषणानंतर ज्यांना आपल्या गाडीचे बटण, पाते किंवा डबा तपासून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी मी फाटकाशी थांबतो.